सत्ताविसावी दुरुस्ती

दादांनी जेवणाच्या टेबलावरच्या बरण्या हलवल्या, टेबल आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसलं, लाल शाईची तीन पेनं एका रेषेत मांडली आणि भिंग उजव्या हाताशी ठेवलं, तेव्हाच घरातल्या सगळ्यांनी ओळखलं की आज जेवण वेळेवर मिळायचं नाव नको. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी मुद्रितशोधकाची खोड गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, लिफ्टमधली सूचना, शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका, जे जे छापलेलं हाती लागेल ते दादा लाल करून सोडत. आज तर खुद्द बहिणीने आपण होऊन काम आणून दिलं होतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

या बहिणीला घरातले सगळेच आत्या म्हणत; चिडले की दादासुद्धा म्हणत. आत्या पुढच्या महिन्यात कर्करोग संशोधन संस्थेतून निवृत्त होणार होती आणि संस्थेने तिच्या एकशे सेहेचाळीस शोधनिबंधांची यादी छापायला घेतली होती. ती यादी कचेरीतल्या कोणीतरी घाईघाईत टाइप केली होती आणि संगणकाने तिच्यात आपलं डोकं चालवलं होतं. पहिल्याच पानावर ‘गाठींची वाढ रोखताना’ या निबंधाचं ‘गाडीची वाट रोखताना’ झालं होतं. दादांनी ते वाचलं आणि समाधानाने पेनाचं टोपण काढलं.

पण यादी हे निमित्त होतं. खरं दुखणं चौथ्या क्रमांकावर होतं आणि ते आत्याने चहा संपल्यावर पर्समधून बाहेर काढलं. नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र होतं.

चौथा निबंध एकतीस वर्षांपूर्वीचा. त्यासाठी दोनशे बारा काचपट्ट्या तपासल्या होत्या. एकेका काचेवर एकेका रुग्णाच्या गाठीचा केसाहून पातळ काप, आणि त्यात दुभंगायला लागलेल्या पेशी किती ते मोजायचं. जिथे त्या कमी, तिथे गाठ मवाळ आणि रुग्णाला जहाल औषधाची गरज नाही. जिथे जास्त, तिथे थांबायला वेळ नाही. पण एकाच माणसाने मोजलं तर त्याच्या डोळ्यांवर कोण भरवसा ठेवणार? म्हणून त्याच काचा दुसऱ्या माणसाने पहिल्याचे आकडे न बघता पुन्हा मोजायच्या. दोघांचे आकडे जुळले आणि निबंध उभा राहिला. पुढचे चाळीस निबंध त्याच पायावर उभे होते. शिवाय तीन देशांतल्या प्रयोगशाळांचा मिळून एक प्रकल्प होता, त्याच्या करारावर बुधवारी सह्या व्हायच्या होत्या.

आता नियतकालिकाने जुने अंक संगणकावर चढवताना एकेका लेखकाचा माग काढला होता. निवृत्त झालेले सापडले, वारलेले सापडले. चौथ्या निबंधाचा दुसरा लेखक तेवढा सापडेना. त्याचा ना दुसरा निबंध, ना नोकरीची नोंद, ना पत्ता. परदेशातल्या एका तरुण सहकाऱ्याने खोडसाळपणे विचारलं होतं, की दुसरा मोजणारा खरंच होता, की बाईंनी एकदा डावा डोळा मिटून मोजलं आणि एकदा उजवा? संपादकांना त्यात गंमत वाटली नव्हती. सोमवारी, म्हणजे उद्याच, दुपारी बारापर्यंत दुसऱ्या लेखकाची सही आणि मोजणीची मूळ वही पाठवा, नाहीतर निबंधाच्या माथ्यावर ‘शंकास्पद’ असा शिक्का बसेल, असं त्यांनी कळवलं होतं.

पत्र वाचून झालं तसं दादांनी सरळ विचारलं, की कोण आहे हा गृहस्थ.

“मला माहीत आहे,” आत्या म्हणाली. “पण सांगणार नाही. शब्द दिलाय.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवरचं घड्याळ उघडून बसलेल्या काकांनी मान वर केली. काका म्हणजे तिघांतलं शेंडेफळ, धंद्याने घड्याळजी आणि स्वभावाने चौकशी खातं. एका डोळ्याला लावलेलं भिंग त्यांनी कपाळावर सरकवलं. गेली एकतीस वर्षं ते ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला होता.

*

काकांचं म्हणणं घरात नवीन नव्हतं. आत्याने लग्न केलं नाही. का केलं नाही, याचं उत्तर तिने कधी दिलं नाही, तेव्हा ते काकांनी तिच्या वतीने शोधून ठेवलं होतं. निबंध छापून आला त्या वर्षी आत्या काही महिने परदेशातल्या प्रयोगशाळेत होती. यादीत एका अनोळखी माणसाचं नाव, तेही नुसतं आद्याक्षर आणि आडनाव, एकदाच येतं आणि पुन्हा कधीच येत नाही. दोन वर्षं दोघं एकच गोष्ट मोजतात आणि आकडे जुळतात. काकांच्या मते पत्रिका याहून जास्त जुळत नाहीत.

“आकडे जुळले की माणसं जुळतात असं नसतं, काका,” बारकी म्हणाली. बारकी ही दादांची एकुलती एक लेक, वय वर्षं एकतीस, विम्याच्या कचेरीत आकडेमोड करणारी. कोण कधी मरेल याचा हिशोब मांडणं हाच तिचा धंदा असल्यामुळे प्रेमाबिमाबद्दल तिला फारशी घाई नव्हती. पण आत्याचा आवाज आज वेगळा लागतोय, हे तिने टिपून ठेवलं.

दादांनी भावाला गप्प बसवलं खरं, पण मनातून त्यांनाही तसंच वाटत आलं होतं. बहिणीला कोणीतरी फसवलं, आणि त्या वेळी आपलं तिच्याशी बोलणं बंद होतं म्हणून आपल्याला काही करता आलं नाही, ही टोचणी त्यांनी इतकी वर्षं जपली होती. बोलणं बंद होण्याचं कारण क्षुल्लक होतं. आत्या एकदा जेवता जेवता म्हणाली होती, की दादाच्या छापखान्याचा टाइप इतका बारीक, की त्यापेक्षा माझी पेशी लवकर दिसते. अडीच वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बारकी जन्मली तेव्हा कुठे ते मिटलं.

“तो आत्ता जिवंत तरी आहे का?” दादांनी विचारलं.

“ठणठणीत आहे,” आत्या म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

स्वयंपाकघरात वहिनी, म्हणजे दादांची बायको, उकडलेली अंडी सोलत होत्या. दार लोटलं तसं दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि आत्याला ओट्याला धरून हसावं लागलं. वहिनींनी नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको.

“तुझं माझ्यावर प्रेम होतं आणि तू मला सोडून गेलीस,” आत्या डोळे पुसत म्हणाली.

“ऐकलं मी. ठणठणीत आहे हेही ऐकलं. गुडघ्यांना विचार जरा.”

दुसरा लेखक म्हणजे वहिनी. लग्नाआधी त्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवत असत आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची नजर आत्याहूनही स्थिर होती. आत्याच्या संस्थेत तेव्हा चार जणांत एक सूक्ष्मदर्शक होता, म्हणून तिने संचालकांची लेखी परवानगी घेऊन एक मोडीत निघालेला सूक्ष्मदर्शक आणि आकडे घातलेल्या काचा वहिनींकडे पोचवल्या. दादांना सांगायची सोय नव्हती. ज्या बहिणीचं नावही घरात काढायचं नाही असा त्यांचा हुकूम होता, तिचंच काम त्यांच्या घरात चाललं होतं. तेव्हा वहिनींनी शिवणयंत्र आणवलं, त्याचं यंत्र काढून माळ्यावर टाकलं आणि लाकडी झाकणाखाली सूक्ष्मदर्शक आणि शेजारी टिक टिक करत आकडा पुढे सरकवणारं मोजयंत्र बसवलं. दादा छापखान्यात गेले की झाकण वर, यायची वेळ झाली की झाकण खाली. दोन वर्षांच्या शिवणकामानंतर घराला एक उशीचा अभ्रा मिळाला, तोही वहिनींनी बाजारातून आणला होता. त्या अभ्र्यावरून दादा अजून थट्टा करत.

निबंध छापून आला. लेखक म्हणून वहिनींनी माहेरचं आडनाव दिलं होतं, कारण पदवी त्याच नावावर होती. वडिलांचं आडनाव दुर्मिळ. शेवटून दुसरं अक्षर असं आडमुठं, की सांगताना दोनदा सांगावं लागे. छापलेल्या अंकात ते अक्षर नव्हतं. ते गळल्यामुळे जे उरलं होतं ते एक साधं, रस्त्यात दगड मारला तर ज्याला लागेल त्याचं असावं असं आडनाव होतं. आणि हे कोणी केलं हे कळायला वेळ लागला नाही, कारण ते नियतकालिक दादांच्याच छापखान्यात छापलं जाई आणि त्याची प्रुफं दादाच तपासत.

वहिनींना तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आयुष्यात एकदा नाव छापून आलं आणि तेही नवऱ्याने खोडलं, ओळखल्याशिवाय. आत्या चूकदुरुस्ती छापायला निघाली, पण दादांना तेव्हा मुख्य मुद्रितशोधकाची जागा मिळायची होती, ती एकही चूक न केल्याच्या जोरावर. वहिनी म्हणाल्या, राहू दे. त्यांचं काम चुका शोधायचं आहे ना, मग सापडेल त्यांना एक दिवस. तोवर तू कोणाला सांगायचं नाहीस.

एक दिवस करता करता एकतीस वर्षं गेली. दादा निवृत्त झाले. छापखान्याने त्यांना चौकटीतलं मानपत्र दिलं, ‘अडतीस वर्षांत एकही चूक नाही’. ते बरोबर जेवणाच्या टेबलाच्या वर, भिंतीवर टांगलेलं होतं. वहिनी रोज दोन वेळा त्याच्याखाली बसून जेवत आणि जेवण उत्तम पचे.

“वहिनी, आता खेळ पुरे,” आत्या म्हणाली. “नुसती तू सही करून भागणार नाही. छापलेलं नाव तुझं नाहीच. ती छपाईची चूक होती हे दाखवायचं तर ते प्रूफ लागेल, दादाच्या लाल शाईचं. आणि ते त्याच्या कपाटात आहे.”

वहिनींनाही ते ठाऊक होतं. दादांनी तपासलेलं प्रत्येक प्रूफ दादांच्या कपाटात वर्षवार लावलेलं होतं आणि त्या कपाटाला हात लावायची कोणालाही मुभा नव्हती.

“चार वाजेपर्यंत थांब,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना आपलं आपण सापडू दे. नाही सापडलं तर मी सांगेन.”

“आणि त्याने कपाट उघडलंच नाही तर?”

“त्यांच्यापुढे नुसतं ‘चूक’ म्हण. कपाट आपोआप उघडेल.”

*

दुपारचा एक वाजला. दादा यादीच्या साठाव्या निबंधावर पोचले होते आणि टेबलावर अंड्यांची टरफलं, टोस्टचा चुरा आणि घड्याळाची चाकं एकत्र नांदत होती. आत्याने तोपर्यंत दोनदा सुचवून बघितलं, की चौथ्या निबंधात छपाईची चूक असावी. पहिल्यांदा दादांना ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी बोटाने वरच्या मानपत्राकडे दाखवलं आणि एकसष्टावा निबंध वाचायला घेतला.

वहिनींनी बारकीला शिवणयंत्राच्या खणातून कात्री आणायला पाठवलं. कात्री वहिनींच्या हाताशीच होती. पण हे काम एकट्या आत्याच्याने होईलसं दिसत नव्हतं आणि कुमक लागणार होती.

खणात कात्री नव्हती, एक जाडजूड वही होती. वर ‘शिवणाची मापं’ असं आईच्या अक्षरात लिहिलेलं. बारकीने सहज उघडली. रकाने आखलेले होते: गिऱ्हाईक क्रमांक, छाती, कंबर. गिऱ्हाईक सात, छाती सहा, कंबर त्रेचाळीस. गिऱ्हाईक आठ, छाती दहा, कंबर दोन. असली माणसं असती तर विम्याच्या कंपन्या बुडाल्या असत्या. बारकीने शेवटचं पान उलटलं. गिऱ्हाईकं दोनशे बारा होती.

ती खालीच बसली. आकडे हा तिचा धंदा होता आणि हे दोनशे बारा तिने सकाळीच एका पत्रात ऐकले होते. तिने मोबाइलवर आत्याचा निबंध शोधला, त्यातलं कोष्टक काढलं आणि दुसऱ्या मोजणाऱ्याच्या रकान्यावरून बोट फिरवत गेली. त्रेचाळीसला त्रेचाळीस, दोनाला दोन. एकशे नव्वदाव्या गिऱ्हाइकापाशी समासात बारीक लिहिलं होतं: ‘आज पोटात लाथा. दोनदा मोजलं.’ बारकीचे डोळे भरून आले. या घरात आपण जन्मायच्या आधीच कामाला लागलो होतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात आली ती वही पोटाशी धरून. वहिनींनी तिला मोजक्या शब्दांत सगळं सांगितलं. बारकीने आईला मिठी मारली, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर जाऊन वडिलांच्या शेजारची खुर्ची ओढली. ती बापाची लाडकी होती आणि त्यांची कळ कुठे आहे ते तिला नेमकं माहीत होतं.

“बाबा, मला वाटतं आत्याचं बरोबर आहे. ते नाव चुकीचं छापलं गेलं असेल.”

“अशक्य,” दादा मान वर न करता म्हणाले.

“अशक्य काही नसतं. मी म्हणेन तीस टक्के.”

काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पण कोणी दादांना डिवचत असेल तर आपण मागे राहायचं नाही हे त्यांचं धोरण होतं. त्यांनी त्यात भर घातली, की दादाने तेव्हा रागाच्या भरात प्रूफ धड वाचलंच नसेल. बहिणीचा निबंध म्हटल्यावर टाळला असेल.

हे मात्र दादांच्या वर्मी लागलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. टाळला? उलट तो निबंध त्यांनी तीन वेळा वाचला होता. बहिणीच्या चुका काढायला मिळताहेत म्हणून रात्रपाळीच्या माणसाकडून मागून घेतला होता. सत्तावीस दुरुस्त्या केल्या होत्या त्यात, सत्तावीस, आणि एकही उगाच नव्हती.

“दाखवा,” बारकी म्हणाली.

दादांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली. स्वयंपाकघरातला नळाचा आवाज बंद झाला.

*

प्रूफ पिवळं पडलं होतं, पण लाल शाई टवटवीत होती. दादांनी ते टेबलावर पसरलं, कड भिंगाने दाबली आणि एकेक दुरुस्ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. स्वल्पविराम. अनुस्वार. ‘विभाजन’मधला र्‍हस्व वि दीर्घ पडलेला. पंधराव्या दुरुस्तीला त्यांना आठवलं की ही करताना आपण मनात म्हणालो होतो, घे, पेशी लवकर दिसते काय? त्यांना हसू आलं. बहीण समोर बसली होती, तिचे केस पांढरे झाले होते, आणि त्या अडीच वर्षांचं दादांना एकदम वाईट वाटलं.

सव्विसावी झाली. सत्ताविसावी शेवटी होती, कारण त्यांची रीतच तशी: मजकूर आधी, शीर्षक आणि लेखकांची नावं सगळ्यात शेवटी. त्यांनी बोट वर नेलं.

दुसऱ्या लेखकाच्या आडनावात एक अक्षर लाल रेघेने खोडलं होतं आणि समासात गाळण्याची खूण होती. खूण सुबक होती. शेजारी त्यांच्या अक्षरात टीप होती, ‘असे आडनाव नसते’.

दादांनी खोडलेलं अक्षर धरून ते आडनाव मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. मुद्रितशोधक शब्द वाचत नाही, अक्षरं वाचतो, हे त्यांनी कैक शिकाऊ पोरांना अभिमानाने सांगितलं होतं. आज एकतीस वर्षांनी त्यांनी तो शब्द वाचला. या आडनावाचा एक उंच, अबोल माणूस त्यांना पहिल्या भेटीत म्हणाला होता, ‘शेवटून दुसरं अक्षर जरा जपून लिहा, लोक गाळतात.’ ते त्यांचे सासरे होते.

आद्याक्षर कोणाचं ते वेगळं बघायची गरज नव्हती. दादांना शिवणयंत्र आठवलं. त्याच्या झाकणावर कान ठेवल्यासारखी वाकून बसलेली बायको आठवली, एकदा लवकर घरी आल्यावर दारातून ऐकू आलेली टिक टिक आठवली, जी यंत्राची आहे असं तिने सांगितलं होतं. एक वही आठवली, जिच्यात एकदा चोरून बघितल्यावर, त्रेचाळीस कंबर आणि सहा छाती असलेली बाई रस्त्याने चालते कशी, असा त्यांना प्रश्न पडला होता. आणि तो अभ्रा.

त्यांची नजर वरच्या चौकटीकडे गेली आणि लगेच खाली आली. चूक झाली म्हणून नव्हे, म्हणजे, म्हणूनही. पण ती चूक घरात आपल्यासमोर बसून जेवत होती आणि आपण तिलाच मानपत्र वाचून दाखवत होतो, याची त्यांना लाज वाटली.

“काय झालं?” काकांनी विचारलं. “नाव कळलं का त्याचं?”

“त्याचं नाही,” दादा म्हणाले. “तिचं.”

वहिनी दारातून पुढे आल्या. हात पदराला पुसत त्या टेबलाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि त्यांनी प्रुफाकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं.

“सापडली?” त्यांनी विचारलं.

दादांनी मान हलवली. मग म्हणाले, की तू सांगितलं का नाहीस.

“तुम्हाला मुख्याची जागा मिळायची होती. मग वाटलं, आज सापडेल, उद्या सापडेल. चुका शोधणाऱ्याच्या घरात राहते मी, एवढीशी आशा ठेवायला काय हरकत होती?” वहिनींनी पदर सावरला. “आपल्या लग्नाची पत्रिका तुम्हीच तपासली होती. तिच्यात बरोबर होतं.”

दादांनी लाल पेन उचललं. एकतीस वर्षांपूर्वी खोडलेल्या अक्षराखाली त्यांनी तीन ठिपके दिले. छापखान्यात त्याचा अर्थ एवढाच असतो, की खोडलेलं खोडू नये, होतं तसं राहू द्यावं.

काकांनी कपाळावरचं भिंग काढून खिशात टाकलं. इतकी वर्षं ज्याच्यावर दात खाल्ले तो वहिनी निघाल्या, हे पचवायला त्यांना वेळ हवा होता. थोड्या वेळाने त्यांनी पडेल आवाजात आत्याला विचारलं, की मग तू लग्न का केलं नाहीस?

“कोणी विचारलंच तर सांगायचं ठरवलं होतं,” आत्या म्हणाली. “पण तू इतका मन लावून सांगत होतास, मोडता कशाला घालू?”

*

संपादकांचा अर्ज चार पानी होता. तो भरायला पाच जण बसले आणि चार वाजायच्या आत भरून झाला. संचालकांचं परवानगीचं पत्र आत्याने आणलंच होतं. बारकीने वहीच्या पानांचे फोटो काढले आणि ‘छाती’ म्हणजे फुगलेल्या पण अजून न दुभंगलेल्या पेशी, ‘कंबर’ म्हणजे मधोमध आवळून दुभंगलेल्या, असा खुलासा जोडला. आत्याला तो वाचून पुन्हा हसू आवरेना. वहिनींचं म्हणणं पडलं की त्यात हसण्यासारखं काही नाही, पेशी दुभंगताना कंबरेतच आवळते, कोणी बघावं.

तिसऱ्या पानावर प्रश्न होता: मुद्रणातील चूक कशी घडली? तिथे सगळे थांबले. आत्या म्हणाली, छपाईतला दोष एवढं लिहिलं तरी चालेल, नाव घालायची गरज नाही. दादांनी अर्ज स्वतःकडे ओढला आणि निळ्या शाईत लिहिलं: ‘अक्षर बरोबर होते. मुद्रितशोधकाने ते चूक समजून गाळले.’ खाली पूर्ण नाव घालून त्यांनी सही केली. मग खुर्चीवर चढून मानपत्र भिंतीवरून उतरवलं. वहिनी म्हणाल्या, राहू द्या, भिंतीवर डाग दिसेल. दादांनी ते पुन्हा लावलं, पण त्याआधी चौकट उघडून त्यातल्या ‘एकही’ या शब्दावर काट मारली आणि वर लाल शाईत ‘एक’ लिहिलं. मग पुढच्या ‘नाही’वरही काट मारावी लागली.

चौथ्या पानावरचा प्रश्न वहिनींसाठी होता. चूक करणाऱ्या व्यक्तीशी लेखकाचे काही हितसंबंध आहेत का? असल्यास तपशील द्यावा.

वहिनींनी चष्मा पुसला. पेनाचं टोक दोनदा कागदापर्यंत नेऊन परत घेतलं आणि मग सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: ‘आहेत. लग्नाला पस्तिस वर्षे झाली. स्वरूप शंकास्पद होते, आज दुपारपासून तपासणी चालू आहे.’ खाली त्यांनी माहेरचं आडनाव घालून सही केली. शेवटून दुसरं अक्षर त्यांनी जरा ठसठशीत काढलं.

कागद रिवाजाप्रमाणे तपासायला दादांकडे गेला. त्यांनी सहीतलं एकेक अक्षर बोट ठेवून मोठ्याने वाचलं आणि पूर्ण आडनाव पहिल्यांदाच या घरात उच्चारलं गेलं. मग त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली आणि तिथे अडकली. ‘पस्तिस’. त्यातली ‘ती’ र्‍हस्व पडली होती. जिने पस्तीस वर्षं या घरात वाण्याची यादीसुद्धा शुद्ध लिहिली, तिच्या हातून ही चूक अनवधानाने झाली असणं शक्य नव्हतं.

दादांनी लाल पेन उचललं. आत्या, काका आणि बारकी पुढे वाकून बघत होते. वहिनी चष्म्यावरून बघत होत्या.

दादांनी पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं.

“यापुढे लेखिकेला विचारल्याशिवाय एक अक्षर हलवायचं नाही,” ते म्हणाले.

“मग विचारा की,” वहिनी म्हणाल्या.